सिट्रा, सिमको आणि अमरिलो यांच्याऐवजी कोणते हॉप्स वापरावेत?

टेम्सकाठचा (रेडिंग, इंग्लंड)

सर्वांना नमस्कार.

इंग्लंडमध्ये १९६३ सालापासून स्वतःच्या पिण्यापुरती बीअर घरी तयार करण्यासाठी परवाना लागत नाही. या सवलतीचा लाभ घेऊन मी आजवर बहुतेक वेळा गोल्डिंग्ज किंवा फगल या हॉप्सवर (बीअरला कडवटपणा आणि गंध देणाऱ्या वेलीच्या फुलांवर) बेतलेल्या, सौम्य ब्रिटिश धाटणीच्या बीअर करत आलो आहे. आता अमेरिकी पद्धतीची, हॉप्सचा भरपूर गंध असलेली एल (कोमट तापमानाला आंबवलेली बीअर) करण्याचे मनात आहे आणि त्यासाठी निवडलेल्या पाककृतीत सिट्रा, सिमको आणि अमरिलो असे तीन वाण सांगितले आहेत. नेमके हेच तिन्ही वाण मी जेथून माल घेतो त्या दुकानात सध्या संपलेले आहेत, आणि एका पातेल्यासाठी तीन ठिकाणांहून टपालखर्च भरून पाकिटे मागवणे माझ्या मनाला पटत नाही.

पाककृती पुढीलप्रमाणे आहे. फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) वीस लिटर वर्ट (माल्टचा न आंबलेला गोड काढा), सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०६०, बहुतांश साधे पेल माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), त्यात थोडे म्युनिक आणि थोडे गव्हाचे, यीस्ट फारसा स्वतःचा गंध न सोडणारे अमेरिकी प्रकारचे. सिमको २० ग्रॅम पूर्ण ६० मिनिटे उकळायचे. उकळीच्या शेवटच्या १० मिनिटांसाठी सिट्रा आणि अमरिलो प्रत्येकी २५ ग्रॅम. आच बंद करून वर्ट ८० अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्यावर व्हर्लपूलमध्ये (म्हणजे वर्ट भोवऱ्यासारखे ढवळून ठेवताना) २० मिनिटे सिट्रा ४० आणि सिमको ३० ग्रॅम. आणि आंबवण संपत आल्यावर ड्राय हॉपिंगसाठी (म्हणजे न उकळता थेट बीअरमध्ये घालण्यासाठी) सिट्रा ६०, सिमको ४० आणि अमरिलो ४० ग्रॅम. अल्फा आम्लांचे (उकळल्यावर कडवटपणा देणाऱ्या घटकांचे) प्रमाण सिमकोसाठी १३, सिट्रासाठी १२ आणि अमरिलोसाठी ९ टक्के धरलेले आहे.

दुकानात सध्या कोलंबस (१५.५ टक्के), चिनूक (१२.५), सेंटेनिअल (१०), इंग्लंडमध्येच पिकवलेले कॅस्केड (६), जर्मन मँडरिना बव्हारिया (८.५), ब्रिटिश वाण जेस्टर आणि गोल्डिंग्ज (५) मिळतात. मोझेकचे (१२) शंभर ग्रॅमचे एकच पाकीट शिल्लक आहे. याखेरीज दोन हंगामांपूर्वीच्या सिट्राचे एक पाकीट अर्ध्या किमतीत ठेवलेले आहे, पण त्याचे निर्वात आवरण सैल पडल्यासारखे दिसते.

पर्यायी हॉप्सचे तक्ते मी पाहिले, पण एकात सिट्राच्या जागी मोझेक, दुसऱ्यात गॅलेक्सी आणि तिसऱ्यात सेंटेनिअल सुचवलेले आहे, आणि या तिघांत आपसांतच साम्य दिसत नाही. माझे प्रश्न दोन आहेत. वाण बदलताना वजन तेवढेच ठेवायचे की अल्फा आम्लांच्या प्रमाणात कमी-जास्त करायचे? आणि उपलब्ध मालातून मूळ बीअरच्या जवळ कितपत जाता येईल?


यकिमाशेजारी (वॉशिंग्टन राज्य, अमेरिका)

टेम्सकाठचा यांस नमस्कार.

तक्त्यांत विसंगती दिसते याचे कारण असे की, हॉप पातेल्यात कधी पडणार आहे हे तक्ता विचारातच घेत नाही. आपल्या पाककृतीत सिमको तीन वेळा येते आणि तिन्ही वेळा त्याच्याकडून अपेक्षित काम निराळे आहे. त्यामुळे ‘सिमकोऐवजी काय’ असा एकच प्रश्न न विचारता प्रत्येक वेळेचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

साठ मिनिटे उकळणाऱ्या हॉप्सचा गंध जवळजवळ सगळा वाफेबरोबर निघून जातो आणि मागे कडवटपणा उरतो, म्हणून तेथे निव्वळ हिशेब पुरतो. ग्रॅम गुणिले अल्फा टक्के हा गुणाकार कायम ठेवा. सिमकोचे २० गुणिले १३ म्हणजे २६०. तेवढ्यासाठी कोलंबस १७ ग्रॅम, चिनूक २१ ग्रॅम किंवा गोल्डिंग्ज ५२ ग्रॅम लागतील, आणि टिन्सेथ यांच्या कडवटपणाच्या सूत्राने पाहिल्यास तिन्हींतून सुमारे २७ आयबीयू (कडवटपणाचे एकक) मिळतील. गोल्डिंग्जने काम भागेल, पण तिप्पट पाला पातेल्यात गेला की तो वर्टही तेवढाच जास्त शोषून घेतो. माझी निवड कोलंबस. पाकिटावर टोमाहॉक, झ्यूस किंवा सीटीझेड असे लिहिलेले आढळल्यास गोंधळून जाऊ नये, व्यवहारात हे सर्व एकच समजले जातात.

शेवटच्या दहा मिनिटांच्या हॉप्सकडून चव आणि कडवटपणा दोन्ही हवे असतात, म्हणून तेथे वजन तेच ठेवून कडवटपणातला फरक साठ मिनिटांच्या मात्रेत वळता करावा. मूळ सिट्रा आणि अमरिलो मिळून गुणाकार ५२५ होतो. त्या जागी सेंटेनिअल ५० ग्रॅम घेतल्यास ५०० येतो, म्हणजे वीस लिटरमध्ये जेमतेम एका आयबीयूचा फरक, जो कोणाच्याही जिभेला कळणार नाही. हेच कॅस्केड ५० ग्रॅम घेतल्यास गुणाकार ३०० वर घसरतो आणि सुमारे साडेआठ आयबीयू कमी पडतात. ती तूट भरून काढायला सुरुवातीला कोलंबस पाच ग्रॅम वाढवावे लागेल.

खरी अडचण व्हर्लपूल आणि ड्राय हॉपिंगची आहे. ८० अंशांवर अल्फा आम्लांचे रूपांतर उकळीच्या तुलनेत सुमारे सहाव्या हिश्श्याच्या वेगाने होते आणि ड्राय हॉपिंगमध्ये ते होतच नाही, म्हणून येथे अल्फाचा हिशेब बाजूला ठेवून वजनास वजन घ्यावे आणि लक्ष गंधावर द्यावे. सिट्राचा गंध आंबा, लिची, पॅशन फ्रूट आणि हिरवे लिंबू यांच्या जवळचा; सिमकोचा पाइनच्या राळेचा, थोडा मातकट आणि मागून जर्दाळूसारखा; अमरिलोचा संत्रे आणि फुलांचा. आपल्या दुकानातला एकही वाण एकट्याने सिट्रा होऊ शकत नाही. सिट्रा आणि सिमको या दोघांच्या मधली जागा मात्र मोझेक बऱ्यापैकी भरून काढते, कारण ते सिमकोचीच कन्या आहे आणि त्यात आंब्याची छटाही आहे. अर्थात वंशावळीवर फार विसंबू नये. मँडरिना बव्हारिया ही कॅस्केडची कन्या असूनही आईच्या ग्रेपफ्रूटऐवजी तिच्यात संत्र्याचा गंध ठळक आहे, आणि म्हणूनच अमरिलोच्या जागी ती मला आईपेक्षा योग्य वाटते.

मोझेकचे एकच पाकीट आहे, तेव्हा त्यातला कणही उकळीत घालू नये. व्हर्लपूलमध्ये सेंटेनिअल ५० आणि चिनूक २० ग्रॅम, आणि ड्राय हॉपिंगला मोझेक १०० आणि मँडरिना ४० ग्रॅम असे मी करेन. चिनूकने सिमकोची पाइनची बाजू सांभाळली जाईल. चिनूक वीस ग्रॅमच्या पुढे नेऊ नका, ते फार चटकन पुढे येते.

जाता जाता सांगतो की अशी अदलाबदल करण्याची वेळ केवळ घरी बीअर करणाऱ्यांवरच येते असे नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये हॉप्सच्या लागवडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या यकिमा येथील हॉप्सच्या एका गोदामाला आग लागून अमेरिकेच्या त्या वर्षीच्या पिकाचा सुमारे चार टक्के भाग जळाला, आधीची अनेक वर्षे भाव पडलेले असल्याने लागवडही घटलेली होती, आणि २००७-०८ मध्ये हॉप्सचा जागतिक तुटवडा इतका तीव्र झाला की अनेक लहान ब्रुअरींना वर्षानुवर्षे चालत आलेल्या पाककृती हाती असलेल्या वाणांवर नव्याने बेताव्या लागल्या.

जुन्या सिट्राचा मोह टाळावा. आवरण सैल पडले आहे म्हणजे आत हवा शिरली आहे. अल्फा आम्ले कमी झाली असतील हे एक वेळ चालून जाईल, पण जुन्या हॉप्समध्ये शिळ्या चीजसारखा जो वास येतो तो ड्राय हॉपिंगमध्ये थेट पेल्यापर्यंत पोहोचतो.


लीड्सकर (लीड्स, इंग्लंड)

वरील प्रतिसादातील हिशेब निर्दोष आहे, परंतु त्यामागच्या भूमिकेशी मी सहमत नाही.

आपल्या दुकानातील यादी पुन्हा एकदा वाचून पाहा. कोलंबस, चिनूक, सेंटेनिअल, कॅस्केड. सिट्रा बाजारात येण्याच्या कितीतरी आधी ज्या वाणांवर अमेरिकी पेल एल आणि आयपीए (हॉप्स अधिक घातलेल्या कडवट एल) उभ्या राहिल्या तेच हे वाण आहेत. कॅस्केड १९७२ चे, चिनूक १९८५ चे, सेंटेनिअल १९९० चे. सिट्रा आले ते २००८ च्या सुमारास. सिएरा नेव्हाडा या अमेरिकी ब्रुअरीची पेल एल १९८० पासून कॅस्केडवरच चालत आलेली आहे. ग्रेपफ्रूट, पाइन आणि राळ हा या मंडळींचा स्वभाव आहे, आणि त्यांच्याकडून आंबा आणि लिची काढून घेण्याचा प्रयत्न केल्यास ना धड मूळ बीअर हाती लागते ना जुन्या पद्धतीची स्वच्छ कडवट बीअर. मी आपल्या जागी असतो तर सिट्राचा विचार सोडून व्हर्लपूलमध्ये सेंटेनिअल आणि चिनूक, ड्राय हॉपिंगला सेंटेनिअल, कॅस्केड आणि थोडे कोलंबस अशी वेगळीच बीअर केली असती, आणि मोझेकचे पाकीट फ्रीझरमध्ये पुढच्या वेळेसाठी ठेवले असते. कोलंबस केवळ कडवटपणासाठी असते हा समज चुकीचा आहे. ड्राय हॉपिंगमध्ये त्याचा तिखट, राळेचा गंध फार चांगला उतरतो.

दुसरा मुद्दा कॅस्केडच्या जन्मभूमीचा आहे. पाकिटावरचे नाव एकच असले तरी इंग्लंडच्या जमिनीत आणि हवेत वाढलेले कॅस्केड यकिमा खोऱ्यातल्या कॅस्केडपेक्षा बरेच मवाळ निघते, आणि अमेरिकी पाककृतीतले वजन जसेच्या तसे उचलल्यास गंध कमी पडल्यासारखा वाटतो. म्हणून ते वापरायचेच असेल तर सुमारे दीडपट घ्यावे. जेस्टरबद्दल कोणीच काही लिहिले नाही. ते ग्रेपफ्रूट आणि उष्ण प्रदेशातल्या फळांकडे झुकणारे ब्रिटिश वाण आहे आणि त्याची किंमतही बेताची असते, पण अमेरिकी वाणांच्या शेजारी ते दबून जाते असे माझे मत आहे.

आपल्याकडचे पाणी खडूच्या खडकांतून येत असल्यामुळे कठीण आहे, एवढेही ध्यानात असू द्यावे. त्यातील बायकार्बोनेटमुळे मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा) पीएच वर राहिला तर चिनूक आणि कोलंबस यांचा कडवटपणा घशाशी खरखरतो. गोल्डिंग्जच्या सौम्य बीअरमध्ये हे जाणवले नसेल, या बीअरमध्ये जाणवेल.


टेम्सकाठचा

दोघांचेही मनःपूर्वक आभार.

लीड्सकर, आपला मुद्दा मला तत्त्वतः मान्य आहे आणि तशी बीअर पुढे कधीतरी अवश्य करीन. परंतु या वेळी मला हवा आहे तो आंब्याचाच गंध. ग्रेपफ्रूट आणि पाइनची बीअर येथील कोणत्याही पबमध्ये मिळते. ही पाककृती निवडली ती त्या एका गंधासाठी. तेव्हा सिट्रा नसले तरी बीअर त्या दिशेने जाईल एवढी खबरदारी घ्यायची आहे, हुबेहूब नक्कल नको.

पाण्याची सूचना मोलाची आहे. मॅशमध्ये थोडे लॅक्टिक आम्ल घालून पीएच ५.३ च्या आसपास ठेवीन. मोझेकचे सगळे पाकीट एकाच वेळी ड्राय हॉपिंगला घालावे की विभागावे, याबद्दल आणखी कोणाचे मत असल्यास जरूर सांगावे.


मुठेकाठी (पुणे)

मी पुण्यातील एका लहान ब्रुअरीत काम करतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर करणे दारूबंदी कायद्याखाली गुन्हा ठरतो, तेव्हा येथील वाचकांनी ही चर्चा माहितीसाठीच वाचावी. मात्र हॉप्सची अदलाबदल हा आमचा रोजचा विषय आहे. आम्ही वापरतो ते बहुतेक हॉप्स परदेशांतून समुद्रमार्गे येतात, आणि मागवलेले वाण वेळेवर हाती पडेलच याची खात्री नसते.

सर्वप्रथम, वाणाच्या वर्णनापेक्षा हातातल्या पाकिटाचा वास अधिक विश्वासार्ह मानावा. मोझेक आणि सिमको या दोन्हींची तोडणी उशिरा झाली तर फळांचा गंध मागे पडून कांदा-लसणाचा वास पुढे येतो, आणि एकाच वाणाच्या दोन शेतांतल्या, दोन आठवड्यांच्या अंतराने तोडलेल्या मालात एवढा फरक पडू शकतो की ती दोन वेगळी वाणेच वाटावीत. चार पेलेट (हॉप्स दाबून केलेल्या गोळ्या) तळहातावर चुरडून, हात चोळून गरम करून वास घ्या. लसूण जाणवली तर वरची सगळी चर्चा बाजूला ठेवून लीड्सकरांचा मार्ग धरावा.

त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे स्वस्त, फिकी लागर (थंड तापमानाला आंबवलेली बीअर) विकत आणून तिच्या बाटल्यांत ड्राय हॉपिंग करून पाहणे. ३३० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण सव्वादोन ग्रॅम पेलेट घातले की प्रमाण आपल्या पाककृतीएवढेच, म्हणजे लिटरला सात ग्रॅम पडते. बाटली बर्फासारखी थंड असू द्या, दोन घोट काढून जागा करा, पेलेट टाकताच झाकण दाबून बसवा, कारण पेलेट पडल्याबरोबर फेस उसळतो आणि हात आखडला तर निम्मी बाटली ओट्यावर जाते. शीतकपाटात दोन-तीन दिवस ठेवून गाळून प्यावी. एका बाटलीत नुसते मोझेक, दुसरीत मोझेक आणि मँडरिना, तिसरीत मोझेक आणि सेंटेनिअल असे केले तर कोणता संयोग आंब्याकडे झुकतो हे पातेले चढवण्याआधीच कळेल.

आता मोझेक विभागण्याबद्दल. मी यकिमाशेजारी यांच्यापेक्षा थोडे वेगळे सुचवेन. गरम वर्टमध्ये घातलेल्या हॉप्समधील जेरॅनिऑल हे सुगंधी संयुग आंबवणीच्या काळात यीस्टच्या हाती लागते आणि त्याच्या काही भागाचे सिट्रोनेलॉल होते; लिनालूल, जेरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल एकत्र असले की लिंबूवर्गीय फळांचा गंध त्यांच्या बेरजेपेक्षा अधिक जाणवतो. सेंटेनिअलमध्ये जेरॅनिऑल चांगले असते, चिनूकमध्येही असते, म्हणून व्हर्लपूलसाठी त्या दोघांची निवड योग्यच आहे. पण उष्ण प्रदेशातल्या फळांचा गंध मुख्यतः गंधकयुक्त थायॉल संयुगांमुळे येतो. ती अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतात आणि त्यांतली काही व्हर्लपूलच्या टप्प्यातही चांगली उतरतात. म्हणून मोझेक २० ग्रॅम व्हर्लपूलला द्यावे आणि ८० ग्रॅम ड्राय हॉपिंगला ठेवावे.

ड्राय हॉपिंगचे वजन मात्र वाढवू नये. मनासारखे वाण नाही म्हणून दुसरे दुप्पट घालण्याकडे सगळ्यांचाच कल असतो. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीतील संशोधकांनी २०१८ मध्ये कॅस्केडवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की लिटरला आठ ग्रॅमच्या पुढे गेल्यावर गंधाची तीव्रता फारशी वाढत नाही, उलट तो लिंबूवर्गीय न राहता चहासारखा, पाल्यासारखा होत जातो. आपले १४० ग्रॅम योग्य आहेत, तेथेच थांबावे.

बाटल्या भरण्याबाबत एक इशारा. हॉप्समध्ये स्टार्चचे अवशेष तोडणारी विकरे असतात. ड्राय हॉपिंगनंतर ती न आंबणाऱ्या शर्करांचे आंबणाऱ्या शर्करांत रूपांतर करतात आणि थांबलेली आंबवण हळूच पुन्हा सुरू होते. विकरांचे हे बळ वाणागणिक कमी-जास्त असते, त्यामुळे वाण बदलले की मूळ पाककृतीतले दिवसांचे वेळापत्रक आपोआप लागू होत नाही. ग्रॅव्हिटी लागोपाठ तीन दिवस जागची हलली नाही, तरच साखर घालून बाटल्या भराव्यात. अन्यथा बाटल्या फुटू शकतात, आणि त्याआधी लोण्यासारखा डायअसेटिलचा वास येतो तो वेगळाच.


शिकागोवासी (इलिनॉय, अमेरिका)

चर्चा फार उपयुक्त आहे. मुठेकाठी यांनी लिनालूल आणि जेरॅनिऑलचा उल्लेख केला म्हणून विचारतो. धण्यांच्या तेलात लिनालूल हाच मुख्य घटक असतो आणि थोडे जेरॅनिऑलही असते असे वाचले आहे. मग सिट्राची उणीव भरून काढायला चमचाभर भरडलेले धणे व्हर्लपूलमध्ये घातले तर?


मुठेकाठी

रसायनशास्त्राच्या दृष्टीने आपला तर्क बरोबर आहे, आणि बेल्जियन गव्हाच्या बीअरमध्ये धणे घालतातच. परंतु प्रमाण थोडे चुकले तरी पिणाऱ्याला प्रथम धणेच ओळखू येतात, आणि मराठी नाकाला तर दुसऱ्या कोणापेक्षाही लवकर. लिनालूलची येथे मुळात टंचाईही नाही. कमी पडणार आहेत ते थायॉल, आणि ते धण्यांतून मिळणार नाहीत. घालायचेच झाल्यास वीस लिटरला पाच ग्रॅमच्या वर जाऊ नये आणि भाजलेले धणे तर मुळीच वापरू नयेत.


टेम्सकाठचा

मोझेकचे पाकीट आणून वास घेतला. लसणाचा मागमूस नाही, पिकलेल्या फळांचा वास स्पष्ट आहे, त्यामुळे बेत कायम ठेवतो. बाटल्यांचा प्रयोगही करून पाहिला. नुसत्या मोझेकमध्ये आंब्यापेक्षा ब्लूबेरी अधिक जाणवली. मँडरिना मिसळल्यावर ती आंब्याकडे सरकली, पण गोडसर वाटली. सेंटेनिअल मिसळलेली बाटली सर्वांत टवटवीत होती, मात्र तिच्यात आंबा कमी होता.

त्यावरून पुढीलप्रमाणे ठरवले आहे. ६० मिनिटांना कोलंबस १७ ग्रॅम. १० मिनिटांना सेंटेनिअल ५०. व्हर्लपूलला ८० अंशांवर सेंटेनिअल ३५, मोझेक २० आणि चिनूक १५. ड्राय हॉपिंगला मोझेक ८०, मँडरिना ३० आणि सेंटेनिअल ३०. व्हर्लपूलमधला गुणाकार मूळ ८७० वरून सुमारे ७७८ वर येतो. ही तूट भरून काढण्यासाठी कोलंबस वाढवावे का?


यकिमाशेजारी

वाढवू नये. ८० अंशांवर वीस मिनिटांत त्या तुटीचा परिणाम फार तर एखाद्या आयबीयूचा होईल. शिवाय लिटरला सात ग्रॅम ड्राय हॉपिंग केल्यावर हॉप्समधील ऑक्सिडीकरण झालेली अल्फा आम्ले बीअरमध्ये विरघळतात आणि कोणत्याही सूत्रात न धरलेला थोडा कडवटपणा त्यांच्यामुळे येतोच.

मोझेक विभागण्याबद्दल मुठेकाठी यांचे म्हणणे मला पटले. फक्त मँडरिना आणि सेंटेनिअल समसमान ठेवण्याऐवजी मँडरिना ४० आणि सेंटेनिअल २० करून पाहावे. लागरच्या बाटलीत जो गोडसरपणा जाणवला त्याचे कारण त्या बीअरमध्ये कडवटपणाच नव्हता. आपल्या बीअरमध्ये तो पन्नास-पंचावन्न आयबीयूच्या घरात असेल आणि तेथे तीच मँडरिना गोडसर न वाटता पिकलेल्या फळासारखी वाटेल. ड्राय हॉप्स तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि घालताना फर्मेंटरचे झाकण शक्य तितका कमी वेळ उघडे ठेवा. त्या वेळी आत शिरलेल्या हवेने थायॉल सर्वांत आधी जातात, आणि मग मोझेक जपून वापरण्याचा उपयोग राहत नाही.


लीड्सकर

मँडरिना ४० ला माझाही दुजोरा. व्हर्लपूलमधील चिनूक १५ ग्रॅमवर आणले हे उत्तम केले. उरलेले कोलंबस, सेंटेनिअल आणि चिनूक पाकिटातली हवा काढून फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेस मी सांगितलेल्या बीअरसाठी फक्त कॅस्केड घ्यावे लागेल.